एका झोळीतली दोघं

प्रिय आई,

काल दुपारी माझ्या मोबाईलवर तुझं नाव आलं. ‘आई’. वर तोच फोटो, अक्काच्या लग्नातला, डोक्यावर पदर घेतलेला. मी जेवत होतो. हातातला घास हातातच राहिला. तुला जाऊन सव्वा महिना झाला, तुझी राख सावडायला मी स्वतः होतो, तरी पहिला विचार काय आला माहीत आहे? उचलायला उशीर केला तर आई बोलेल.

उचलला तर तुझी सून, रूपाली. तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला म्हणून तिने तुझा घेतलाय. नंबर तुझाच चालू ठेवलाय. मला आधी सांगायला नको का?

ती म्हणाली, शुक्रवारी चिमीच्या कानांची मोठी तपासणी धुळ्याला आहे. मागे तिच्या जुळ्या भावाचं, बाळ्याचं, ‘ब ब ब’ चाललेलं ऐकू येत होतं. चिमीचा काही आवाज नव्हता. मग रूपाली तुझ्याबद्दल म्हणाली, “आत्यांनी थाळी वाजवून सांगितलं की दोघं ऐकतात, म्हणून आपण तेव्हा दवाखान्यात गेलो नाही. बरोबर ना?”

मी म्हटलं, “हो.”

“त्यांनी माझ्या पोरीचे इतके महिने घालवले.”

मी परत म्हटलं, “हो.”

आई, तुझ्याच फोनवर, तुझ्याच नावाखाली मी तुझ्यावर ढकललं. ते खरं नाही हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आणि तू काही बोलू शकत नाहीस. म्हणून लिहायला बसलोय.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहून काय करणार होतो? तुला वाचता येत नव्हतं, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची तुला लाज वाटायची. माझंही शिक्षण सातवीपर्यंतच. तू बोलायचीस अहिराणीत, आणि मी पेन धरलं की शाळेतली मराठी येते, तिला तू हसायचीस. आज हस. नदीचं पाणी चढलं म्हणून पुलाचं काम चार दिवस बंद आहे. मुकादमाकडून फुलस्केप कागद घेतलेत आणि पत्र्याच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलोय. मशीन नदीकाठी उभं आहे. जमिनीत लोखंडी पाइप ठोकायचं मशीन, तुला व्हिडिओत दाखवलं होतं. बंद आहे, तरी मला त्यातून ठण् ठण् ऐकू येतं. ते मशीनचं नाही. तुझ्या थाळीचं आहे.

काशाची ती थाळी. तू माहेराहून आणलेली, एका बाजूला चेपलेली. आबा गेले तेव्हा घरातली बरीच भांडी गेली, पण ती तू जाऊ दिली नाहीस. अक्का जन्मली तेव्हा ती वाजली, मी जन्मलो तेव्हा वाजली. आपल्यात बाळ आलं की थाळी वाजवतात. जगाचा पहिला मोठा आवाज एकदा कानावरून गेला की पुढे लेकरू कशाला दचकत नाही म्हणतात. मी तर आयुष्यभर पळतोय! सुरत, सिल्वासा, राजस्थानात मोबाईलचे टॉवर, आता आसाम. तू म्हणायचीस, “नाव समाधान ठेवं, आनि पायले भिंगरी.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी रूपालीच्या पोटात दुखायला लागलं. सातवा महिना होता, दिवाळीला यायची होती लेकरं. तू पारोळ्याहून गाडी केलीस आणि तिला जळगावला नेलंस. घाईत तिचे कपडे विसरलीस, पाण्याची बाटली विसरलीस, पण थाळी आणि लाटणं पिशवीत होतं. जुळं झालं, आधी पोरगा, मग पोरगी, आणि तू दवाखान्याच्या त्या गार बोळात थाळी काढलीस. सिस्टर धावत आली. म्हणाली, मावशी, आत सव्वा-सव्वा किलोची लेकरं आहेत, त्यांना काचेच्या पेटीत ठेवलंय, इथे थाळी काय वाजवता? हे मला रूपालीने नंतर हसत हसत सांगितलं. तू थाळी पदराखाली घेतलीस आणि चोरी पकडल्यासारखी भिंतीला टेकून बसलीस म्हणे.

सहाव्या दिवशी पिंप्राळ्याच्या अक्काला पोरगा झाला. ओम. नऊ महिने भरून, चांगला गुटगुटीत. तिथे कोणी अडवलं नाही, तू खोलीच्या दारात थाळी वाजवून सगळा मजला उठवलास. आणि घरी येताना म्हणालीस, “एकनी वाजनी, दोनस्नी ऱ्हाई गयी.” एकाची वाजली, दोघांची राहिली. ते तुझ्या मनातून गेलं नाही ना?

मी आलो आठव्या दिवशी. काचेतून पाहिलं तर दोन पेट्यांत दोन उंदराची पिल्लं. नाकात नळ्या. सगळीकडे टीं टीं आवाज. मी दोन मिनिटांत बाहेर आलो, चहाला गेलो. तू मात्र काचेला नाक लावून उभी असायचीस. तू सिस्टरला विचारलंस, एवढ्या कटकटीत झोपतात कशी? ती म्हणाली, हळू बोला मावशी, यांचे कान अजून तयार व्हायचे आहेत. पोटात अजून दोन महिने राहिले असते तर तिथे झाले असते, आता इथे होतील. डॉक्टरांनीही सांगितलं की यांचं वय जन्मापासून मोजू नका, ज्या दिवशी यायला हवं होतं तिथून मोजा. ते तुला फार आवडलं. घरी कॅलेंडरवर तू दिवाळीच्या चौकोनात कुंकवाचं बोट लावून ठेवलंस. तो त्यांचा खरा जन्म.

अक्का पुढे ओमला घेऊन राहायला आली, तेव्हा तुझं ते कुंकवाचं बोटच कामी आलं. ओम चार महिन्यांचा होऊन कुकरच्या शिट्टीकडे मान वळवायला लागला होता. अक्का बोलली की तिला शोधायचा. आपली दोघं नुसती छताकडे बघत पडलेली. अक्काने टोमणा मारलाच, की आई, तुझी नातवंडं फार मोठ्या घरची दिसतात, हाक मारली तर बघतसुद्धा नाहीत. तू पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “तुन्हा पोऱ्या नऊ महिना भरीसन ऊना. मन्हा दोन्ही सातमाच ऊनात. त्यास्नं कॅलेंडर दोन महिना मांगे शे.” रूपाली ते सांगताना अजून खुश होते. व्हायची.

आणि तुझं म्हणणं खोटं नव्हतं आई. बाळ्या तसाच आला, दोन महिने मागून. ओमने जे केलं ते त्याने नंतर केलं, पण केलं. डॉक्टरही तेच म्हणाले असते. फक्त ते दोघांना मिळून खरं नव्हतं.

झोळी एकच होती ना. मधल्या खोलीतल्या कडीला तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची झोळी, आणि तिच्यात दोघं शेजारी शेजारी. रूपालीने एकदा दुसरी झोळी बांधायची म्हटली तर तू बांधू दिली नाहीस. जुळं वेगळं केलं की एक झुरतं. तुझ्या मावशीच्या घरात असं झालं होतं, एक मामाकडे पाठवलं आणि दुसऱ्याने दूध सोडलं. ही गोष्ट तू दर वेळी नवीन असल्यासारखी सांगायचीस. मग दोघं एका झोळीत, एका गोधडीवर, लस टोचायलाही एकदम. बाळ्या रडला की चिमी रडायची. बाळ्या हसला की ती त्याच्या तोंडाकडे बघून हसायची. सगळे म्हणायचे, काय जीव आहे एकमेकांवर!

आता मी तुला जे सांगायचं ते सांगतो. कुठे सुरू करू?

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी मी होतो. जाण्याआधी त्यांनी दोघांच्या कानांत बारीक रबर घालून मशीनवर तपासलं. पोराचं ठीक आलं. पोरीचं नीट आलं नाही. सिस्टरने मला बोळात थांबवून सांगितलं की कधी कधी कानात पाणी-मळ असतो म्हणून असं येतं, घाबरू नका, पण तीन महिन्यांनी हिला नक्की आणा, अशा लेकरांना चुकवायचं नसतं. हिरवं कार्ड दिलं. पोरीच्या नावापुढे निळ्या पेनाने लिहिलेलं, ‘पुन्हा’. पोराच्या नावापुढे काही नाही. तेव्हाच मुकादमाचा फोन आला होता, सिस्टर बोलत होती आणि मी एका कानाने ह्याचं ऐकत होतो, एका कानाने तिचं.

बाहेर आलो तर रूपाली पाच आठवड्यांनी पहिल्यांदा दोन्ही लेकरं मांडीवर घेऊन रिक्षात बसलेली. रडत होती, हसत होती. तू तिला पदराने वारा घालत होतीस. मी काय सांगू? मी म्हटलं, काही नाही, तीन महिन्यांनी दोघांचे कान परत बघतात, सातव्या महिन्यातल्या सगळ्यांचे बघतात. एवढंच खोटं. एवढंसं. आणि कार्ड माझ्या आधारकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं, ते तसंच माझ्याबरोबर आसामात आलं.

संक्रांतीच्या सुमारास रूपालीचा फोन आला, तपासणीची वेळ झाली, नेऊ का? पारोळ्याहून जळगाव, दोन लेकरं, एस.टी., थंडी. मी म्हटलं, आईला सांग थाळी वाजवून बघायला. दचकली तर ऐकतात.

मी सांगितलं, आई. तू सुचवलं नव्हतंस. राहिलेली थाळी वाजवायला मिळाली म्हणून तू आनंदात होतीस फक्त. लाटणं घेऊन झोळीच्या डोक्याशी उभी राहिलीस, रूपालीने वरून व्हिडिओ काढला. ठण्! आणि दोघं दचकली. हात वर, डोळे मोठे. तू ओरडलीस, “दख, दोन्ही दचकनात! बठ्ठं ऐकतस!” मी तो व्हिडिओ इथल्या सगळ्या पोरांना दाखवला. आणि रूपालीला म्हटलं, मग कशाला खेटा घालायचा, राहू दे.

माझ्या प्लास्टिकमध्ये ते ‘पुन्हा’ होतं. मला वाचता येत होतं. सात वर्षं शाळेत गेलो ते एवढ्या एका शब्दासाठी पुरलं असतं.

तुझा फोन बंद झाला वैशाखात. ज्वारीचे बिबडे वाळत घालायला गच्चीवर गेलीस, खाली आलीस, पाणी मागितलंस आणि उंबऱ्यावर बसलीस म्हणे. रूपालीने पाणी आणलं तोवर संपलं होतं. मला दोन दिवस दोन रात्री गाडीत काढाव्या लागल्या. आलो तो थेट राखेपाशी. तुझा चेहरा पाहिला नाही. गाडीत शेजारची बाई तिच्या पोराला हाक मारायची आणि मी दर वेळी वळून बघायचो.

दहाव्याला काही कळलं नाही. कळलं ते सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं. बाळ्याला आदल्या दिवसापासून ताप, त्याला रूपालीच्या आईने पारोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. म्हणजे चिमी झोळीत एकटी. आमच्या लेखी तर पहिल्यांदाच एकटी. आम्हाला वाटलं झुरेल, रडेल. ती आपल्या पायाचा अंगठा धरून खेळत होती. तेवढ्यात ओम रांगत गेला आणि त्याने भाड्याने आणलेल्या स्टीलच्या ताटांची चवड ओढली. सगळी खाली. पंगतीतली माणसं उठून उभी राहिली, ओम स्वतः भोकाड पसरून रडायला लागला.

चिमी अंगठ्याशी खेळत होती.

रूपालीच्या हातात पोळपाट होतं. ते तिने हळूच खाली ठेवलं. भिंतीवरची तुझी थाळी काढली. झोळीच्या मागे उभी राहिली आणि वाजवली. बायका कुजबुजल्या. शेजारची मोठी काकू म्हणाली, “अगं, आजच्या दिवशी जन्माची थाळी काय वाजवते? डोकं फिरलं का?” रूपालीने परत वाजवली. परत. घर असं गप्प झालं आई, तू गेलीस तेव्हाही झालं नसेल. चौथ्या वेळी तिच्या हाताची सावली झोळीत पडली. तेव्हा चिमीने वर पाहिलं आणि आईला बघून हसली.

आणि मी काय केलं? चौथ्या दिवशी रजा संपली असं सांगून गाडी पकडली. रजा अजून आठवडाभर होती.

रूपाली अक्काला घेऊन जळगावच्या डॉक्टरकडे गेली. ते म्हणाले, लवकर आला असतात तर बरं झालं असतं, पण अजून वेळ गेलेली नाही, आता एक दिवस घालवू नका. सातव्या महिन्यातली, पेटीत राहिलेली लेकरं, ह्यांचे कान भरल्या दिवसांच्या लेकरांपेक्षा जास्त जपून तपासायचे असतात, आणि एकेकाचे. जुळं म्हणजे एक लेकरू नव्हे, असं म्हणाले. धुळ्याला तिला झोपवून डोक्याला बारीक तारा लावतील आणि आवाज आत किती पोचतो ते बघतील. मग कानाला मशीन लागेल का, दुसरं काही करावं लागेल का, ते ठरेल.

इथे आल्यावर मी तो संक्रांतीचा व्हिडिओ परत लावला. कितीदा लावला विचारू नकोस. जेवताना, आंघोळीच्या रांगेत, मशीनच्या सावलीत. आणि एकदा बोटाने थांबवत थांबवत पाहिला. आधी बाळ्या उडतो. मग झोळीचं कापड हिसका खातं. मग चिमी. पापणी लवते तेवढाच फरक आहे. पण आहे. ती थाळीने दचकली नव्हती, भावाने दचकली होती. ज्याच्या पाठीला पाठ लावून ती पोटात झोपली, त्याच्याच अंगातून तिला बाहेरचं जग कळत होतं. आणि त्यालाच आपण पुरावा समजलो! आता डोळे मिटले तरी ते कापड हलतं. हिरवं लुगडं. तुझं.

पण हे तुला माहीत होतं. हो ना?

तू मला मेसेज पाठवायचीस ते किती लांब असायचे. बटन दाबून धरायचीस आणि सगळं गाव सांगायचीस. बकरी व्याली, नळाला आठ दिवसांनी पाणी आलं, कोणाचं लग्न मोडलं, बिबडे चांगले झाले, तुझ्यासाठी डब्यात ठेवलेत. खरं काम शेवटी. मी कधीच शेवटपर्यंत ऐकायचो नाही. अर्ध्यात थांबवून ‘हो आई’ असं पाठवून द्यायचो. चैत्रात तर मी तुला ओरडलोच, एवढे लांब मेसेज नको करू, इथे मशीनच्या आवाजात काही कळत नाही. त्यानंतर तू फक्त विचारायचीस, “जेवना का?” एवढंच. शेवटच्या दिवसापर्यंत.

ज्या मेसेजवर मी ओरडलो होतो, तो काल रात्री मी पूर्ण ऐकला. काम बंद होतं, सगळीकडे शांत होतं, कळत नाही म्हणायला जागा नव्हती. बकरी, नळ, लग्न, बिबडे. मग तुझा आवाज खाली येतो, जसं कोणी शेजारच्या खोलीत आहे.

“बेटा, आज चिमीले एकलीले झोळीमा ठेवं. मी मांगे उभी ऱ्हायनी आनि थाळी वाजाडी. तिनी दखं भी नही. तीन डाव वाजाडी. माले भ्याव वाटस रे. रूपालीले सांगं नही, ती हाय खाई ली. तूच सांग तिले, आपन एक डाव दवाखानामा दखाडी लेऊत. तू सांगशी तसं.”

आणि खाली माझं उत्तर. ‘हो आई.’

तू वाट बघितली असशील. ‘हो आई’ म्हणाला म्हणजे सांगेल, म्हणून. की मी ऐकलंच नाही हे तुला कळलं होतं? मग परत का नाही बोललीस? रूपालीला का नाही सांगितलंस? रागावतोय मी तुझ्यावर, रागावू दे. सून म्हणाली असती, सासू माझ्या पोरीत खोट काढते, ह्या भीतीने गप्प बसलीस ना? आणि मी तरी तुला परत बोलायला तोंड कुठे ठेवलं होतं!

एक गोष्ट तुला कळली नसेल. रूपालीच्या मनात तुझ्याबद्दल आणखी एक अढी आहे. ती म्हणते, शेवटच्या महिनाभरात आत्या दोघांत फरक करायला लागल्या. पोराला मांडीवर घेऊन गाणं म्हणायच्या, आणि पोरीला नुसतं उचलून तिच्या पोटावर तोंड ठेवून घुर्र करायच्या. पोराला गाणं, पोरीला घुर्र. मुलगा तो मुलगा, असं म्हणाली.

मी त्यावरही काही बोललो नाही. पण तो मेसेज ऐकल्यावर मला कळलं की तू गाणं तिलाही म्हणत होतीस. कानाने जात नाही म्हटल्यावर पोटाने. आणि ती खदखदून हसायची, हे रूपालीनेच सांगितलंय. तू डॉक्टर नव्हतीस, शाळेची पायरी चढली नव्हतीस, तरी तू आमच्या सगळ्यांच्या आधी तिच्याशी बोलायला लागली होतीस.

इथे आम्ही मशीनखाली हातांनीच बोलतो. वर घे, थांब, पाणी दे, सांभाळ, दोरी सोड. सगळं हाताने. पहिल्या महिन्यातच शिकलो. नवीन पोरगा आला की त्याला शिकवायला मला आवडतं. आणि स्वतःच्या पोरीपासून मी पळालो, का तर ती ऐकणार नाही तर मी तिच्याशी बोलू कसा!

परवाची, मंगळवारची गाडी मिळाली आहे. मुकादम म्हणाला, आता गेलास तर तुझी जागा राहणार नाही. मी म्हटलं, नको ठेवू. नेहमीसारखं पळतोय असं त्याला वाटलं. गुरुवारी जळगावला उतरेन, शुक्रवारी सकाळी धुळ्याला.

तपासणीत काय येईल ते येईल. मशीन लागलं तर लावू, जे शिकावं लागेल ते शिकू, मी आधी शिकेन. पण धुळ्याला आत जाण्याआधी, बाहेरच्या बाकड्यावर, ते हिरवं कार्ड मी रूपालीच्या हातात देईन. फोनवर नाही, हातात. ‘पुन्हा’ तिने स्वतः वाचावं. मग तुझा मेसेज तिला ऐकवेन, बकरीपासून शेवटपर्यंत, मध्ये थांबवणार नाही. ती मला काय बोलेल ते बोलो. तिने मला दारात उभं केलं नाही तरी चालेल, पण तुझ्या नावावर माझं पाप ती ठेवणार नाही. आणि घुर्रचंही सांगेन.

घरी आलो की तुझं दुसरं लुगडं काढेन, ते जांभळं, आणि शेजारची कडी ठोकून दुसरी झोळी बांधेन. वेगळी, पण हाताला हात लागेल इतकी जवळ. तू रागावू नकोस. कोणी झुरणार नाही.

मग चिमीला उचलेन. तिच्या पोटावर तोंड ठेवून तिला सांगेन की तुझी आजी होती. ती कशी बोलायची, केवढं बोलायची, आणि कामाची गोष्ट नेहमी शेवटी कशी सांगायची. सगळं सांगेन. तिला हसू येईल, तू बघ.

जेवलो आई. आज पोटभर जेवलो.

तुझा आंडोर,
समाधान